टाका नेमका चुकतोय कुठे? मुलांच्या क्रोशे आणि हस्तकलेबद्दल वाचकांचे प्रश्न

आधी एक खुलासा. या उत्तरांत ‘साखळी’ म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून केलेला साधा टाका. ‘मुका खांब’ म्हणजे सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा आणि सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. ‘खांब’ विणताना सुई टाक्यात घालण्याआधीच तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, म्हणजे सुईवर तीन फास होतात. ते दोन-दोन करत सोडवायचे.

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची आहे, मुलगा पाचचा. दोघांनाही क्रोशे शिकायचंय. घरात आजीच्या बारीक पोलादी सुया आणि रुमालाच्या कडेला वापरतात तो पांढरा दोरा आहे. त्यावर सुरुवात केली तर चालेल का?

नको. त्या सुया बहुतेक २ मिमीपेक्षा बारीक असतात, टोकं बोचतात आणि त्या दोऱ्यात टाका कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे मोठ्यांनाही चष्मा लावून बघावं लागतं. मुलांना टाका दिसला पाहिजे, हे पहिलं.

५ किंवा ५.५ मिमीची, गोलसर टोकाची सुई घ्या. हलकी ॲल्युमिनिअमची चांगली. प्लॅस्टिकच्या स्वस्त सुयांवर जोडाची बारीक रेघ उठलेली असते, तिच्यात दोरा अडकतो; घेताना टोकावरून नख फिरवून बघा. दोरा मध्यम जाडीचा, गुळगुळीत, नीट पीळ असलेला हवा. लेबलवर गुंड्याच्या चित्रात ४ हा आकडा असतो, तोच हा. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० मीटर येतो, एका मुलाला सुरुवातीला भरपूर. रंग फिका आणि एकच. काळा किंवा गडद निळा घेतला तर टाक्यांमधल्या सावल्या दिसत नाहीत. केसाळ लोकर कितीही गोड दिसली तरी तिच्यात टाका हरवतो, शिवाय ती उसवताना गुंतते. सुती दोऱ्यात टाके सुबक दिसतात, पण तो ताणत नाही. हात घट्ट असलेल्या मुलांना थोडा लवचीक ॲक्रिलिक दोराच सोपा जातो.

वयापेक्षा हाताकडे बघा. बुटाची नाडी स्वतः बांधता येते, २०पर्यंत न चुकता मोजता येतं आणि दहा मिनिटं एका जागी बसता येतं, एवढं जमत असेल तर मुलगी तयार आहे. मुलाला सध्या सुई नको, बोटांनी साखळी करू द्या. जाड लोकरीला सरकती गाठ मारायची, फासात दोन बोटं घालून पलीकडचा दोरा पकडायचा, तो फासातून ओढून नवा फास करायचा, मग जुना फास हलकेच आवळायचा. क्रोशाची मूळ हालचाल हीच आहे. पुढे सुई हातात आली की ती त्याला ओळखीची वाटेल. चार बोटांवर वेढे घेऊन विणायची पद्धतही मुलांना आवडते, पण त्यात बोटांची टोकं लालसर-निळसर होत नाहीत ना, हे मधून मधून बघावं लागतं. घट्ट वेढा रक्त अडवतो.

प्रश्न : मुलीची साखळी इतकी घट्ट होते की पुढच्या ओळीत सुईच शिरत नाही. “सैल विण” म्हणून रोज सांगते, फरक शून्य. शेवटी तिची पहिली ओळ मीच विणून देते.

“सैल विण” हे सांगून उपयोग होत नाही, कारण घट्टपणा कुठून येतो ते मुलीला दिसतच नाही. तिला सुई दाखवा. टोकाशी आकडा, त्याच्या मागे निमुळता गळा, मग सरळ दांडा. सुईवर लिहिलेलं माप असतं ते दांड्याचं. टाका निसटेल या धास्तीने मुलं फास गळ्यापाशीच आवळून धरतात आणि तिथल्या तिथे पुढचा टाका घेतात. हातात ५ मिमीची सुई असली तरी टाका होतो ३ मिमीचा. म्हणून प्रत्येक साखळीनंतर फास दांड्यावर सरकवायचा आणि मगच पुढचा दोरा घ्यायचा. “फास मागे ढकल” ही सूचना मुलांना पाळता येते.

दुसरं कारण दोऱ्याच्या बाजूला असतं. गुंडा लांब पडलेला असेल किंवा मांडीखाली अडकला असेल तर प्रत्येक टाक्याला दोरा खेचावा लागतो. सुरू करण्याआधी दोन-तीन मीटर दोरा उलगडून मांडीवर मोकळा ठेवा. डाव्या हाताच्या करंगळीभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायची पद्धत मोठ्यांसाठी उत्तम, लहान बोटांवर तोच वेढा आवळतो. सुरुवातीला दोरा नुसता तर्जनीवरून सोडून मधल्या बोटाखाली धरला तरी पुरतो. काही मुलं प्रत्येक टाका झाल्यावर “पक्का” करायला दोऱ्याला एक हिसका देतात, तीही सवय बघून ठेवा.

तात्पुरता उपाय म्हणजे साखळी ६ मिमीच्या सुईने घालायची आणि पहिल्या ओळीपासून ५ मिमीवर यायचं.

राहिली तुमच्या मदतीची गोष्ट. पहिली ओळ तुम्ही विणून देता यात गैर काही नाही, उलट ते आणखी पुढे न्या. साखळीवरची पहिली ओळ ही सगळ्या विणकामातली सर्वांत अवघड ओळ. साखळी पीळ खाते, वळते, हातात धरायला काही नसतं. ११ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून १० मुके खांब विणा, अशा तीन ओळी करा आणि ती पट्टी तिच्या हातात द्या. धरायला कापड असलं की टाका लवकर बसतो. साखळीचा सराव वेगळा, राखी किंवा गळ्यातली माळ म्हणून चालू राहू दे. एक मात्र पाळा. ती झोपल्यावर तिचे वाकडे टाके गुपचूप उसवून नीट करून ठेवू नका. सकाळी मुलांना ते कळतं.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीचं चौकोन म्हणून सुरू केलेलं विणकाम दर वेळी त्रिकोणाकडे जातं. दहा टाक्यांनी सुरुवात केली होती, आता सहाच उरलेत.

या सदराकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न. टाके मधे कुठे गळत नाहीत, ते कडेला हरवतात.

मुक्या खांबाची ओळ संपली की एक साखळी घालून काम उलटं फिरवायचं. ही साखळी फक्त उंचीसाठी असते, ती टाका म्हणून मोजायची नाही. पुढच्या ओळीचा पहिला मुका खांब अगदी कडेच्या टाक्यात घालायचा, म्हणजे त्या साखळीच्या बुडाशी असलेल्या टाक्यातच. मुलांना वाटतं तिथे साखळी आलीच आहे, म्हणून ती एक घर सोडून पुढे जातात. एक टाका गेला. ओळीच्या शेवटी उलट होतं: शेवटचा टाका कडेला कलंडलेला आणि थोडा आवळलेला असतो, दिसत नाही म्हणून सोडला जातो. दुसरा गेला.

खांबांच्या ओळीत नियम बदलतो, आणि व्हिडिओ बघून शिकणारी मुलं इथेच गोंधळतात. तिथे वळताना तीन साखळ्या घालतात आणि त्या पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणून खांब दुसऱ्या टाक्यापासून सुरू होतात आणि परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालावा लागतो. तो राहिला की काम आत येतं. दोन्ही नियम एकाच आठवड्यात शिकवू नका. निदान दोन वस्तू पूर्ण होईपर्यंत नुसते मुके खांब विणू द्या.

विणलेला तुकडा टेबलावर ठेवून मुलीला वाचायला शिकवा. वरून पाहिलं की प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धाग्यांची जोडी दिसते, आडव्या ‘व्ही’सारखी. एक ‘व्ही’ म्हणजे एक टाका. सुईवरचा फास मोजायचा नाही. दोन्ही कडा सारख्या आत येत असतील तर चूक प्रत्येक ओळीत होतेय. एकच कड तिरकी असेल तर एकाआड एक ओळीत. तुकडा उलट रुंद होत असेल तर वळणाच्या साखळीतही टाका घातला जातोय.

इलाज सोपा आहे. ओळीतला पहिला टाका झाल्या झाल्या त्याच्या ‘व्ही’मध्ये वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकवायचा. परत येताना त्या खुणेच्या टाक्यात टाका पडल्याशिवाय ओळ संपली असं म्हणायचं नाही. आणि प्रत्येक ओळीनंतर मोजायचं, मनातल्या मनात नव्हे, बोट ठेवून. चूक त्याच ओळीत सापडली तर उसवा. चार ओळी मागे असेल तर सात वर्षांच्या मुलीला चार ओळी उसवायला लावू नका. कडेच्या टाक्यात दोन मुके खांब घालून संख्या दहावर आणा आणि पुढे चला. तिथे कडेला थोडा फुगवटा राहील, राहू दे.

आत्ताचा त्रिकोण पताका म्हणून टांगा. अशा आठ-दहा पताका मुद्दाम, दर ओळीत एक टाका सोडत विणल्या तर कड कशी घटवतात हेही तिला समजेल.

प्रश्न : आधी दोन सुयांवरचं विणकाम शिकवावं की क्रोशे?

क्रोशे. दोन सुयांवर वीस-पंचवीस टाके एकाच वेळी उघडे असतात, सुई निसटली की ते गळतात. क्रोशामध्ये उघडा फास एकच. काम हातातून पडलं तर फार तर दोन-तीन टाके उसवतात. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून दोन सुयांवर विणायला शिकवतात हे खरं, पण तिथे शिक्षक शेजारी असतो आणि गळलेले टाके उचलून देतो.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे, मी उजवी. माझं बघून तो गोंधळतो. त्याने उजव्या हाताने शिकावं का?

नाही. क्रोशाची सुई दोन्ही हातांना सारखीच चालते, वेगळी घ्यावी लागत नाही. त्याच्या शेजारी नव्हे, समोर बसा. तुमचा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा दिसेल आणि त्याचा डावा हात तीच हालचाल करील. त्याचं काम डावीकडून उजवीकडे जाईल, ते बरोबरच आहे. लिखित कृती त्याला जशाच्या तशा चालतात, फक्त चिन्हांचे आराखडे उलट दिशेने वाचावे लागतात. (दोघंही उजवे किंवा दोघंही डावे असाल तर मात्र शेजारी बसायचं.)

एक गोष्ट तपासा. दोरा सुईवरून मागून पुढे यायला हवा. डावखुरी मुलं नक्कल करताना पुष्कळदा सुईच दोऱ्यावरून नेतात, दोरा खालून पकडला जातो आणि मुक्या खांबाचे पाय फुलीसारखे दिसू लागतात. कापड टिकतं, पण थोडं घट्ट आणि बुटकं होतं, म्हणून अर्धं काम एका पद्धतीने आणि अर्धं दुसरीने झालं की मापात फरक पडतो.

प्रश्न : पेल्याखाली ठेवायची गोल चकती विणताना कधी वाटी होते, कधी कडेला झालर. गोल सपाट का राहत नाही?

कारण भूमितीत आहे. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते आणि परीघ त्याच्या सव्वासहा पट. म्हणजे दर फेरीला सहा टाके जास्त लागतात. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला दर फेरीला बारा.

मुलांना मॅजिक रिंगच्या (दोऱ्याच्या सरकत्या फासात पहिली फेरी विणून तो आवळायचा) वाटेला लावू नका, ती पुढे कधीतरी. दोन साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. तिसऱ्या फेरीत एकात एक, पुढच्यात दोन, असं करत १८. चौथीत दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, २४. पाचवीत तीन साधे आणि चौथ्यात दोन, ३०. फेरी जोडत बसू नका, गोल गोल विणत जा. पण फेरीच्या पहिल्या टाक्यात खूण हवीच आणि ती प्रत्येक फेरीला वर सरकवायची. खूण नसेल तर फेरी कुठे संपली हे कुणालाच सांगता येत नाही.

वाटी होतेय म्हणजे वाढीचे टाके राहिले किंवा दोरा फार आवळला जातोय. झालर येतेय म्हणजे जास्त झाले. टाके मोजून बरोबर निघाले आणि तरीही वाटीच होत असेल तर अर्धा मिमी मोठी सुई घ्या. चकती षट्कोनी दिसायला लागली तर वाढीचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक येत आहेत. एखाद्या फेरीत ते दोन घरं पुढे सरकवा. वाटीच हवी असेल तर ३०वर थांबून पुढे न वाढवता विणत राहायचं, पाच-सहा फेऱ्यांत पिना ठेवायचं भांडं तयार होतं.

प्रश्न : पुठ्ठ्याच्या मागावर विणलेली पट्टी मधे बारीक आणि टोकांना रुंद होते. धाग्यामुळे पुठ्ठाही वाकतो.

पुठ्ठा वाकतो कारण उभा धागा, म्हणजे ताणा, लोकरीचा घेतलेला असतो. लोकर ताणून गुंडाळली की ती परत आकसते. ताण्याला साधा सुती दोरा घ्या, पुठ्ठा खोक्याचा, जाड, सुमारे १५ बाय २० सेंमी. वर-खाली १ सेंमी अंतरावर, अर्धा सेंमी खोल खाचा करा. खाचा मोठ्यांनी कापाव्यात.

मधे बारीक होण्याचं कारण आडवा धागा. बाणा सरळ रेषेत ओढला की वर-खाली जायला त्याला लांबी उरत नाही, मग तो कडांना आत खेचतो. प्रत्येक ओळीत धागा आधी कमानीसारखा वर उंच ठेवायचा, कडेचा फास बोटाने धरायचा आणि मग जुन्या कंगव्याने कमान खाली दाबायची. पुठ्ठ्यावर पेनने दोन उभ्या रेघा मारून ठेवा, कड रेघेच्या आत आली की मुलाला स्वतःलाच दिसतं. सुईत एका वेळी त्याच्या हाताएवढा, ६०–७० सेंमी धागा पुरे. जास्त घेतला तर गुंता होतो. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. गोल मागावर विणायचं असेल तर ताण्याच्या धाग्यांची संख्या विषम ठेवा, १५ किंवा १७. सम झाली तर दुसऱ्या फेरीतही धागा त्याच दोऱ्यांवरून जातो आणि वीण बसतच नाही.

प्रश्न : लोकरीचे गोंडे दोन दिवसांत गळतात.

बांधायचा दोरा चुकतोय. लोकरीनेच बांधलं तर गाठ ताणून सैल होते. भरतकामाचा किंवा मजबूत सुती दोरा घ्या आणि गाठ मारताना पहिला वेढा दोनदा घाला, म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत तो सुटत नाही. लोकर ज्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर गुंडाळता, त्यांचं भोकही बघा: ७ सेंमीच्या चकतीला २ सेंमीचं भोक आणि ते जवळजवळ बुजेपर्यंत लोकर गुंडाळायची.

प्रश्न : व्हिडिओप्रमाणे विणलं तरी वस्तू दुप्पट मोठी आणि जाळीदार होते.

व्हिडिओ ब्रिटिश पद्धतीचा असणार आणि मुलाने तो अमेरिकी समजून विणला असणार. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब. कृतीत कुठे ‘सिंगल क्रोशे’ किंवा ‘एससी’ दिसलं तर ती सहसा अमेरिकी समजा.

प्रश्न : मुलाने हौसेने मफलर सुरू केला, आता हातही लावत नाही. चिकाटी कशी आणायची?

चिकाटीपेक्षा हिशोब बघू. १० सेंमीत साधारण १४ टाके आणि १६ ओळी धरल्या, तर १८ सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब मफलर म्हणजे २५ टाक्यांच्या १९२ ओळी, एकूण ४,८०० टाके. नवख्या मुलाचे मिनिटाला पाच टाके होतात. म्हणजे १६ तास, तेही एकही टाका न उसवता. कुणीही सोडून देईल.

त्याऐवजी ५ टाके रुंद, २२ ओळींची मनगटपट्टी घ्या: ११० टाके, वीस-बावीस मिनिटं. वर सांगितलेल्या पाच फेऱ्यांच्या चकतीचे टाके ९०. मग १४ टाक्यांच्या ३२ ओळी, मधे दुमडून दोन बाजू शिवल्या की नाणी ठेवायचं पाकीट, दीड तासाचं काम. मफलर उसवून तोच दोरा वापरा. उसवलेला दोरा कुरळा होतो, तो लडी करून कोमट पाण्यात भिजवून वाळवला की बराचसा सरळ होतो. आणि शेवटची टोकं लपवायला त्यालाच शिकवा: दोरा कापताना १५ सेंमी ठेवायचा, बोथट सुईने टाक्यांच्या पोटातून ५ सेंमी न्यायचा, मग दिशा उलटून थोडा परत आणायचा. नुसती गाठ मारून टोक छाटलं तर पहिल्याच धुण्यात काम सुटतं.

प्रश्न : ग्लू गन मुलांच्या हातात द्यावी का? धाकट्या भावासाठी विणलेल्या बाहुलीला डोळे चिकटवायचे आहेत. भाऊ दीड वर्षाचा आहे.

लहान मुलांच्या हातात देऊ नका. कमी तापमानाच्या बंदुकीतला गोंदही १२० अंशांच्या आसपास असतो, जास्त तापमानाच्या बंदुकीत १९०पर्यंत जातो, आणि तो कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे चटका खोल बसतो. कागद, पुठ्ठा, लोकर यांना पांढरा गोंद पुरतो. लावून कपड्यांच्या चिमट्याने तासभर दाबून ठेवायचं.

बाहुलीला मात्र कुठलाच गोंद नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यावर बटण, मणी किंवा चिकटवलेले डोळे नकोतच, ओढून काढले की थेट तोंडात जातात. डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढायला मुलीला सांगा. आणि बाहुली दिवसाउजेडी वर धरून बघा: टाक्यांतून आतला कापूस दिसत असेल तर पुढची बाहुली त्याच दोऱ्यात, पण ३.५ किंवा ४ मिमीच्या सुईने विणा.